इंटर्नला नुसते ट्रे मोजायला ठेवू नका: बडोद्यातल्या रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यातील रुग्णालयांचे अधीक्षक, वैद्यकीय संचालक आणि विश्वस्त यांस,

स.न.वि.वि.

आहारशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षा आटोपल्या की दर उन्हाळ्यात मुली, आणि आता थोडेफार मुलगेही, अर्ज घेऊन तुमच्या एचआर विभागाच्या दारात उभे राहतात. त्यांना सहा महिन्यांची इंटर्नशिप हवी असते. तुम्ही ती देता, याबद्दल मनापासून आभार. मात्र त्या सहा महिन्यांत त्यांच्या हाताला नेमकं काय लागतं, हे फार थोड्या ठिकाणी कुणी विचारतं. आमची मागणी एकच आहे. आहारशास्त्राच्या इंटर्नशिपला लेखी वेळापत्रक द्या, एक जबाबदार मार्गदर्शक नेमा आणि इंटर्नला स्वतः हाताळायला रुग्ण द्या.

विश्वस्त मंडळींपैकी अनेकांना हा रस्ता पूर्ण माहीत नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. बारावी सायन्स, शक्यतो बायोलॉजी घेऊन. मग न्यूट्रिशन किंवा होम सायन्समधली पदवी. त्यावर एमएस्सी, नाहीतर डायटेटिक्समधला पीजी डिप्लोमा. नंतर रुग्णालयातली इंटर्नशिप. मग इंडियन डायटेटिक असोसिएशनचं सदस्यत्व आणि त्यांच्या रजिस्टर्ड डाएटिशियन बोर्डाची परीक्षा. ती पास झाल्यावरच नावापुढे ‘आरडी’ लागतं, आणि तेही पुढे शिकत राहिल्याचे पुरावे देऊन वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. एमएस्सीच्या वाटेने गेलं तर बारावीनंतर साडेपाच-सहा वर्षं सहज जातात. यातली वर्गातली वर्षं बडोद्यात चांगली आहेत. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि होम सायन्सची विद्याशाखा इथे उभी राहिली. आज तिचं नाव कौटुंबिक व सामुदायिक विज्ञान असं असलं तरी जुने बडोदेकर तिला होम सायन्सच म्हणतात. म्हणजे पुस्तकी पाया घालणारं शहर हेच. कच्चा राहतो तो शेवटचा टप्पा, आणि तो तुमच्या हातात आहे.

वेळ कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. 26 आठवडे, आठवड्याचे 6 दिवस, दिवसाचे 7 तास धरले तर 1092 तास होतात. अमेरिकेत डाएटिशियन होण्यासाठी देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किमान 1000 तास लागतं, आणि 1 जानेवारी 2024 पासून तिथे पदव्युत्तर पदवीही सक्तीची झाली आहे. बडोद्यातून परदेशी जायला निघालेल्या मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. तासांच्या हिशेबात आपण कुठेच मागे नाही. आपल्याकडे त्या तासांत जे घडतं, त्यातून डाएटिशियन तयार होत नाही.

बहुतेक ठिकाणी दिवस असा जातो. सकाळी आठला किचनमध्ये ट्रेवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहायच्या: डायबेटिक, सॉल्ट रिस्ट्रिक्टेड, रीनल (किडनीचा), आरटी (नाकातल्या नळीतून द्यायचा). मग वॉर्डातून फेरी मारून ‘जेवलात का, काही तक्रार?’ एवढं विचारायचं. दुपारी डाएट शीटच्या झेरॉक्स काढायच्या आणि डिस्चार्जच्या रुग्णाच्या हातात ठेवायच्या. केस पेपर उघडायची परवानगी नसते, राऊंडला बोलावणं नसतं. सहाव्या महिन्याच्या शेवटी मुलीला ट्रे पाठ झालेले असतात. रक्ताच्या रिपोर्टमधल्या क्रिॲटिनिन, अल्ब्युमिन, पोटॅशियम यांच्या आकड्यांवरून आहारात काय बदलायचं, हे तिने एकदाही स्वतः ठरवलेलं नसतं.

यातून रुग्णाचं नुकसान कसं होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. 60 किलोचा रुग्ण आयसीयूमध्ये आहे, नाकातून राइल्स ट्यूब घातलेली आहे. किलोमागे 25 किलोकॅलरी आणि 1.2 ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाला 1500 किलोकॅलरी आणि 72 ग्रॅम प्रथिनं होतात. एका मिलिलिटरला एक किलोकॅलरी अशा दाटीचं 1500 मिली फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, किचन बनवतं, 250 मिलीचे सहा भाग करून. कागदावर सगळं बरोबर असतं. पण दुधात शिजवून मिक्सरमधून काढलेलं फीड ट्यूबमधून नीट उतरत नाही, म्हणून वॉर्डात कुणीतरी त्यात पाणी घालतं. 1500 चं 2000 मिली होतं. चार्टवर 250 मिलीच लिहिलेलं असतं, म्हणून तेवढंच दिलं जातं आणि उरलेलं अर्धा लिटर सिंकमध्ये जातं. रुग्णाला मिळतात 1125 किलोकॅलरी आणि 54 ग्रॅम प्रथिनं. नोंदवहीत मात्र 1500 आणि 72 तसेच दिसत राहतात. त्यात सीटी स्कॅनसाठी उपाशी ठेवलं आणि दोन फीड चुकले, की त्या दिवशी 750 किलोकॅलरीसुद्धा जेमतेम पडतात. दहा दिवसांनी पाठीवरची जखम भरत नाही म्हणून विचारणा सुरू होते, तेव्हा हा पाण्याचा तांब्या कुणाच्याच डोळ्यासमोर नसतो.

हे पकडायला मोठी विद्वत्ता लागत नाही. ट्यूबजवळ उभं राहून चार दिवस पाहावं लागतं. फीड कुठल्या चाळणीतून गाळलं, डाळ किती शिजली, पाणी कुणी आणि का घातलं, तयार फीड खोलीच्या तापमानाला किती वेळ पडून राहिलं, चुकलेलं फीड नंतर भरून काढलं का. किचनमध्ये केलेलं असं फीड दोन तासांच्या पुढे बाहेर ठेवायचं नसतं, हे इंटर्नने पुस्तकात वाचलेलं असतं. दुपारी एकला आलेला जग तीनला अजून स्टुलावरच आहे, हे पाहणारं दुसरं कुणी वॉर्डात नसतं. नर्सच्या हातात आधीच चाळीस कामं असतात. इंटर्नला ट्रेच्या चिठ्ठ्यांतून मोकळं करून चार आठवडे आयसीयूत उभं केलं, तर ती तुमचाही फायदा करून देईल.

दुसरी चूक डायलिसिसच्या वॉर्डात घडते. किडनीचा आजार आहे पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशा रुग्णाला प्रथिनं आवरून देतात, साधारण किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 36 ते 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की गरज उलट वाढते, किलोमागे 1.0 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 ते 72. पण रुग्णाच्या पिशवीत जुनीच झेरॉक्स असते, ‘डाळ कमी, पनीर बंद’. घरचे ती इमानाने पाळतात. रुग्ण खंगत जातो आणि सगळ्यांना वाटतं, आजारच तसा आहे. इंटर्नला ‘रीनल डाएट’ या एका नावाखाली एकच कागद दिला, तर ती हीच चूक पुढे तीस वर्षं करत राहील. दोन्ही टप्प्यांवरचे रुग्ण तिने शेजारी शेजारी पाहिले, त्यांचे रिपोर्ट लावून हिशेब केला, तर पुन्हा कधी चुकणार नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. आहाराची चौकशी करताना इंटर्न विचारते, रात्री काय खाता? उत्तर येतं, दोन भाकरी. रावपुऱ्यातल्या मराठी घरात भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची, पाणी लावून तव्यावर भाजलेली, तेलाचा थेंबही नसलेली. शेजारच्या गुजराती घरात भाखरी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाची, मोहन घालून घट्ट मळलेली, वरून पुन्हा तूप लावलेली. बाजरीच्या भाकरीला ते रोटलो म्हणतात. एका भाखरीत मोहनाचा एक चमचा आणि वरचा एक चमचा धरला, तरी दोन भाखऱ्यांत चार चमचे म्हणजे 20 ग्रॅम स्निग्ध पदार्थ झाले. नुसते त्याचेच 180 किलोकॅलरी. कागदावर दोघांच्याही नावापुढे ‘2 भाकरी’ लिहिलं, तर पुढचा सगळा हिशेब वाया गेला. फुलका आणि घडीची पोळी यांचंही तेच. फुलक्याला 20-25 ग्रॅम पीठ लागतं, घडीच्या पोळीला 35-40 आणि घडीत तेल. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला ‘तीन पोळ्या’ सांगून सोडून दिलं, तर एका घरात जेवढं कर्बोदक पोटात जातं त्याच्या दीडपट दुसऱ्या घरात जातं. वाटीचा आकार तर घरागणिक निराळा. म्हणून मापं दाखवायला वॉर्डात दोन-तीन आकारांच्या वाट्या, चमचे आणि एक साधा किचनचा काटा ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. खर्च किरकोळ आहे.

मिठाचंही तसंच. दिवसाला 2 ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ, सपाट एक चमचा. रुग्ण भाजीतलं मीठ अर्धं करतो, वरणात घालत नाही, आणि सकाळचे गाठिये मात्र तसेच चालू ठेवतो, कारण ते त्याला फारसे खारट लागत नाहीत. सोडा आणि पापडखार यांतही सोडियमच असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. लोणचं आणि पापड बंद करायला सगळेच सांगतात, गाठियांचं नाव घेतलं जात नाही. बडोद्यात शिकलेल्या डाएटिशियनला हा प्रश्न सुचलाच पाहिजे, आणि तो सुचतो तो रुग्णाच्या खाटेशी बसून मराठीत, गुजरातीत, हिंदीत वीस मिनिटं बोलल्यावर.

आता वेळापत्रकाविषयी. आमच्या मते 26 आठवडे असे वाटावेत. पहिले दोन किचनमध्ये: कच्च्या आणि शिजवलेल्या वजनातला फरक, खरेदी, साठवण, ट्रेची वेळ. इन्सुलिन टोचल्यानंतर ट्रे पाऊण तास उशिरा आला तर रुग्णाची साखर खाली जाते, म्हणून किचनचं घड्याळ आणि नर्सचं घड्याळ जुळवायला तिथेच शिकायचं. मग चार आठवडे मेडिसिन आणि मधुमेह, तीन सर्जरी आणि पोटाचे विकार, चार आयसीयू, चार किडनी आणि डायलिसिस. हृदयरोग, कॅन्सर आणि बालरोग यांना दोन-दोन, प्रसूती विभागाला एक, आणि शेवटचे दोन आठवडे ओपीडीत. ज्या रुग्णालयात कॅन्सर विभाग नाही त्यांनी ते दोन आठवडे दुसऱ्या रुग्णालयाशी ठरवून पाठवावं. एका शहरातल्या रुग्णालयांना हे अवघड जाऊ नये.

आयसीयूच्या चार आठवड्यांना हात लावू नका, असं विशेष सांगावंसं वाटतं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयापर्यंत प्रसंग येतो. म्हणून धोका जास्त असेल तिथे किलोमागे 10 किलोकॅलरीपासून सुरुवात करतात, आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देतात आणि रिपोर्ट पाहत पाहत वाढवतात. ‘रुग्ण अशक्त आहे, भरपूर द्या’ असं म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांना आणि कधी कधी घाईतल्या डॉक्टरांनाही हे समजावून सांगण्याचं धैर्य इंटर्नला वर्गात येत नाही. बालरोग विभागातही तसंच. अतितीव्र कुपोषित बाळाला सुरुवातीचं एफ-75 दूध किलोमागे दिवसाला 130 मिली, अंगावर खूप सूज असेल तर 100 मिली. 6 किलोच्या, सूज नसलेल्या बाळाला 780 मिली, दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा 65 मिली. यातले रात्रीचे फीड चुकले तर बाळाची साखर उतरते. निदान एक रात्र इंटर्नने तिथे काढावी.

मार्गदर्शक कोण? ज्याच्याकडे स्वतः आहारशास्त्राची पदव्युत्तर पात्रता आहे, शक्यतो आरडी आहे, आणि जो रोज वॉर्डात जातो, तो. केटरिंग मॅनेजरच्या हाताखाली इंटर्न देऊ नका. त्यांचं काम मोठं आहे, पण वेगळं आहे. एका डाएटिशियनमागे तीनपेक्षा जास्त इंटर्न घेऊ नयेत. एका वेळी दहा-बारा मुली घेतल्या की आपोआपच त्या ट्रेच्या कामाला लागतात, कारण तेवढ्या जणींना शिकवायला कुणाकडे वेळच नसतो. पद्धत साधी ठेवावी. प्रत्येक विभागात पहिले काही दिवस पाहायचं, मग मार्गदर्शकासोबत मूल्यमापन करायचं, मग स्वतः लिहायचं आणि मार्गदर्शकाने तपासून सही करायची. सहा महिन्यांत निदान चाळीस रुग्णांची पूर्ण नोंद आणि त्यांतले दहा दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत, एवढं व्हायला हवं. नोंद लांबलचक नको. वजन आणि वजनातला बदल, रिपोर्टमधले कामाचे आकडे, प्रत्यक्ष पोटात किती गेलं, अडचण कुठे आहे, काय बदललं आणि पुन्हा कधी पाहणार. डॉक्टर राऊंडला अर्ध्या मिनिटात वाचू शकतील एवढी. तुमच्यापैकी ज्यांना एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन आहे किंवा हवं आहे, त्यांना रुग्णाच्या पोषणाची तपासणी आणि आहारोपचाराची नोंद दाखवावीच लागते. ती नोंद ऑडिटच्या आदल्या रात्री भरण्यापेक्षा रोज खरी भरली गेलेली बरी.

हिशेबासाठी आधारही हाताशी असावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची अन्नघटक कोष्टकं, त्यात 528 भारतीय अन्नपदार्थ आहेत, आणि त्याच संस्थेचे 2020 चे पोषणगरजांचे आकडे. मोबाइलवरच्या परदेशी ॲपमध्ये ‘ब्रेड’ सापडतो, राजगिरा आणि सुरण धड सापडत नाहीत.

फीविषयीही स्पष्ट बोलू. काही ठिकाणी इंटर्नशिपसाठी मुलांकडूनच पैसे घेतात. शिकवणार असाल तर फी घेण्याला आमचा सरसकट विरोध नाही. पण जी मुलगी रोज सात तास तुमच्या किचनचं काम उरकते, तिच्याकडून पैसे घेणं योग्य नाही. तिला निदान जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. पादऱ्याहून, डभोईहून रोज ये-जा करणाऱ्या मुली आहेत, त्यांना याचा फार आधार होतो.

शेवटी मिळणारं प्रमाणपत्र ही बाब क्षुल्लक वाटते, पण अर्ज अडकतो तो तिथेच. ‘अमुक कुमारी हिने आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या दोन ओळींचा उपयोग नाही. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कोणत्या विभागात किती आठवडे, रुग्णालयातल्या खाटांची संख्या, मार्गदर्शकाचं नाव, पात्रता आणि असल्यास आरडी क्रमांक, सही आणि शिक्का हवा. इंटर्नशिप संपल्यावर मार्गदर्शक नोकरी सोडून गेला तर सहीसाठी मुलांना महिनोन्महिने फिरावं लागतं. म्हणून प्रत्येक विभाग संपताच त्या त्या पानावर सही घ्यायची सवय लावा.

हे सगळं आत्ता सांगण्याला कारण आहे. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांचाही समावेश आहे. केंद्रात आणि राज्यात नोंदवह्या ठेवण्याची तरतूद त्यात आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांचं पदवीशिक्षण सांगितलं आहे. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालचे अभ्यासक्रम, त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डायटेटिक्सही आले, जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. म्हणजे रुग्णाला हात न लावता, घरबसल्या या व्यवसायात शिरण्याची वाट बंद होत चालली आहे, आणि ते योग्यच आहे. त्याचा अर्थ असा की तुमच्या दारात येणारे अर्ज वाढतील. नोकरी देतानाही ‘न्यूट्रिशन’चं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट आणि सहा वर्षांचं शिक्षण एका तागडीत तोलू नका. मूळ पदवी कशात आहे, ती नियमित वर्गातली आहे का, इंटर्नशिप कुठे आणि कुणाच्या हाताखाली झाली, एवढे तीन प्रश्न मुलाखतीत विचारावेत.

वेळापत्रक बसवायला मदत लागली तर आम्ही येऊ. त्यासाठी विभागवार खाटांची संख्या, तुमच्याकडच्या डाएटिशियनची नावं व पात्रता आणि किचनमधून ट्रे निघण्याच्या वेळा एवढी माहिती तयार ठेवा. तुमच्या डाएटिशियनसोबत अर्धा दिवस बसलो की 26 आठवड्यांचा कागद तयार होतो. एमएस्सीचे निकाल लागण्याआधी तो तुमच्या सूचनाफलकावर लागावा, ही विनंती.

कळावे,
आपले,
बडोद्यात आहारशास्त्र शिकवणारे आणि रुग्णालयांत काम करणारे आम्ही मराठी आहारतज्ज्ञ